स्वयंपाकघराच्या चौकटीवरची लाल रेघ

आमच्या समोरच्या घरात जो तरुण गृहस्थ राहतो त्याला मी नव्वद टक्के म्हणते. तोंडावर नाही म्हणत, पण त्याला माहीत आहे. इमारतीत मी कुणाला काय म्हणते हे ज्याला त्याला आठवड्याच्या आत कळतं, कारण ते कळवण्याचं कामही मीच करते.

नाव उगाच पडलेलं नाही. त्यांच्या बाथरूमच्या दाराला परवापरवापर्यंत आतून कडी होती, बाहेरून मूठ नव्हती. मुठीच्या भोकात घालून फिरवायला दाराशेजारी सुतळीने एक चमचा टांगलेला आहे. घरी पाहुणे आले की चहाआधी त्यांना चमचा दाखवत. घरातल्या बोळातला दिवा दोन वायरींवर लोंबतोय आणि त्याची काचेची टोपी तीन वर्षं सोफ्याखाली आहे. बैठकीची हिरवी भिंत त्याने हौसेने पिवळी रंगवली, पण कपाट जड म्हणून कपाटाच्या कडेकडेने ब्रश फिरवला. पुढे कपाट हललं. आता भिंतीवर कपाटाएवढं हिरवं कपाट आहे आणि खरं कपाट खिडकीपाशी उभं राहून त्याच्याकडे बघतं.

गंमत अशी की हाच माणूस कामावर अगदी वेगळा. लिफ्टचा मेकॅनिक आहे. आमच्या इमारतीची लिफ्टही त्याच्याच कंपनीकडे असल्यामुळे मी त्याला काम करताना पाहिलं आहे. लिफ्टची फरशी आणि मजल्याची फरशी यांच्यात नखाएवढा फरक राहिला तरी तो पुन्हा खाली उतरतो. जिन्यात लोक खोळंबलेले असतात, आमच्यासारख्या गुडघेवाल्या कुरकुरत असतात, पण तो हलत नाही. फरशीवर अंगठा फिरवून बघतो आणि मगच सही करतो. त्याच अंगठ्याने घरी एकही काम तपासलेलं मी गेल्या वर्षापर्यंत पाहिलं नव्हतं.

त्याची बायको दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलाशी बसते. दिवसभर लोकांना वेळा देते आणि सांगते, थोडं दुखेल पण लवकर होईल. ही सवय तिने घरीही आणली आहे. एकदा मी तिच्याकडे साखर मागायला गेले तर म्हणाली, "काकू, पाच मिनिटं बसता का?" मी बसले, आणि खरंच पाच मिनिटांनी तिने मला आत बोलावलं.

मुलं दोन. मोठी, हे सगळं घडलं तेव्हा, सात वर्षांची. ती बोलत नाही, बाजू मांडते. तिला मी वकीलीणबाई म्हणते आणि तिला ते आवडतं. धाकटा दोन वर्षांचा. गोल, गुळगुळीत आणि कुठेही सोडला तरी घरंगळत स्वयंपाकघराकडे जाणारा. तो फुगा.

आता त्यांच्या परंपरांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं. बायकोचं लहानपण वडिलांच्या बदल्यांत गेलं. अकरा घरं आणि नऊ शाळा. दरवर्षी नवी भिंत, नवे शेजारी. त्यामुळे लग्न झाल्यावर तिने ठरवलं की आपल्या घरात गोष्टी पुन्हा पुन्हा घडल्या पाहिजेत. तिचा कायदा साधा आहे, दोनदा घडलं की ती परंपरा. वर्षाची आठ दिवसांची मोठी सुट्टी आली की या परंपरा एकेक करून बाहेर पडतात. एका वर्षी सुट्टीत वीज गेली म्हणून त्यांनी उजेडासाठी जिन्यात बसून नाश्ता केला. पुढच्या वर्षीही योगायोगाने वीज गेली. झालं. तेव्हापासून दर सुट्टीत वीज असो नसो, चौघं सकाळी जिन्यात पावाला लोणी लावत बसतात आणि मी दुधाची पिशवी घेऊन त्यांच्या ताटल्यांवरून पाय टाकत वर येते. एका वर्षी सहलीची बस चुकली. पुढच्या वर्षी पुन्हा चुकली. आता दर सुट्टीत ते चौघं बॅगा भरून स्थानकावर जातात, एक बस डोळ्यांदेखत जाऊ देतात आणि आनंदाने घरी येतात. मी विचारलं, "अगं, दुसऱ्या बसने तरी जा." ती म्हणाली, "मग त्यात काय राहिलं काकू?"

या सगळ्यात मानाची परंपरा म्हणजे उंची. सुट्टीच्या पहिल्या सकाळी स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला पाठ लावून सगळ्यांनी अनवाणी उभं राहायचं, डोक्यावर पुस्तक ठेवायचं आणि पुस्तकाखाली पेन्सिलने रेघ मारायची. शेजारी वर्ष लिहायचं. मोठ्यांचीही उंची मोजायची, ती वाढत नसली तरी. चार वर्षांच्या रेघा होत्या त्या लाकडावर. आणि तिसऱ्या वर्षी त्यांत एक लाल रेघ आली.

ती नव्वद टक्क्याने मारली होती. त्याचं असं झालं की फुगा जन्मला, घर अपुरं पडायला लागलं, तेव्हा त्याने जाहीर केलं की मुलांसाठी दुमजली पलंग मी स्वतः बांधणार. खाली फुगा, वर वकीलीणबाई. वरचा मजला मिळणार म्हटल्यावर वकीलीणबाईने शाळेत सांगितलं, रिक्षावाल्याला सांगितलं, मला तर तीनदा सांगितलं. पण वर चढायचं म्हणजे उंची हवी, असं बापाचं म्हणणं पडलं. त्याने चौकटीवर लाल पेन्सिलने एक रेघ ओढली आणि म्हणाला, सुट्टीच्या मोजणीत जिचं डोकं या रेघेवर जाईल तिला वरचा पलंग.

ही उंची त्याने कशी काढली हे मी विचारलं होतं. तो शिडीच्या पायऱ्या, कठड्याची उंची वगैरे बरंच बोलला. मी तिथेच उभी होते म्हणून सांगते, त्याचा हात जिथे सहज पोचला तिथे त्याने रेघ मारली.

पहिल्या वर्षी वकीलीणबाई रेघेच्या चार बोटं खाली राहिली. दुसऱ्या वर्षी अगदी नखभर कमी पडली. त्या दिवशी ती रडली नाही. "पुढच्या वर्षी," एवढंच म्हणाली आणि त्या दिवसापासून रोज दूध प्यायला लागली, जे ती आधी कुंडीत ओतायची. कुंडी माझी होती, म्हणून मला ठाऊक. पलंगाचं काय झालं म्हणाल तर नव्वद टक्के झालं. खालचा मजला, वरची फळी, चार खांब, सगळं उभं. शिडी नाही आणि कठडा नाही. वरच्या फळीवर वाळत टाकलेले कपडे.

आता माझा या प्रकरणातला हात. तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही, इमारतीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

गेल्या वर्षी सुट्टीला तीन आठवडे असताना त्यांच्या स्वयंपाकघराचं दार घट्ट बसायला लागलं. चौकट खालून ओल धरून फुगली होती. बायको मुलांना घेऊन दोन दिवस बहिणीकडे निघाली आणि जाताना जिन्यात त्याला म्हणाली, "दाराचं बघ." जिन्यात तेव्हा मी होते, वरच्या मजल्यावरच्या दोघी होत्या, खालचा इस्त्रीवाला होता. इतका श्रोतृवर्ग असताना गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. मी म्हटलं, "बघेल की. बघण्यात त्याचा हात कोण धरेल? करायचं म्हटलं तर पंचाईत."

इस्त्रीवाला हसला. त्याने हसायला नको होतं.

नव्वद टक्के लाल झाला. "काकू, रविवारी संध्याकाळी येऊन बघा."

"आले. आणि काम शंभर टक्के झालेलं असलं तर सगळ्या इमारतीला चहा माझ्याकडून."

खरं सांगते, रविवारी संध्याकाळी मी गेले आणि दाराशीच थबकले. त्याने फुगलेली चौकट मुळापासून काढून टाकली होती. नवी बसवली होती, तासली होती, पांढरी रंगवली होती, बिजागऱ्यांना तेल दिलं होतं, कडीसुद्धा नवी, पूर्वीपेक्षा वीतभर वर. जमीन पुसलेली. मी सगळीकडून बोट फिरवलं. दार एका बोटाने लागत होतं. त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा घरातलं काम पूर्ण केलं होतं.

मी हरल्याचं मान्य केलं. मग तिथे बोळात जुनी चौकट चुन्याने माखून पडलेली दिसली. माझ्या गॅलरीत कुंड्यांचे डाग पडतात, खाली ठोकळे हवेच होते. म्हटलं, "हे लाकूड मी नेऊ?" तो इतक्या आनंदात होता की त्याने ते स्वतः उचलून माझ्याकडे आणून टाकलं. आमच्या ह्यांनी त्याच संध्याकाळी करवत काढली. एका उभ्या लाकडाचा कुजका खालचा भाग कापून कचऱ्यात टाकला, उरलेल्याचे पाच ठोकळे केले. ठोकळ्यांवर कुंड्या चढल्या. मी पाणी घातलं. छान दिसत होतं.

सोमवारी दुपारी समोरचं कुलूप उघडलं. मी काही कान लावून बसले नव्हते, दार उघडं ठेवून मटार सोलत बसले होते. आधी बायकोचा आवाज आला, "अरे, दार किती छान लागतंय." मग वकीलीणबाई.

"बाबा, माझी रेघ कुठंय?"

मटार माझ्या हातातच राहिला.

"रेघ ना," तिचा बाप म्हणाला, "ती आपण परत काढू. मला आठवते ती."

"किती आठवते?"

"साधारण."

"साधारण म्हणजे किती?"

"कडीच्या खाली होती," बायको म्हणाली.

"कडी तर नवीन आहे," वकीलीणबाई म्हणाली. "बाबाने वर बसवली आहे. आता तो रेघपण वर काढणार."

"अगं मी कशाला वर काढीन?"

"मग मी काढते. मलापण साधारण आठवते." आणि तिने पांढऱ्याशुभ्र नव्या चौकटीवर स्वतःच्या हनुवटीपाशी रेघ मारली. बापाने ती मान्य केली नाही. तिने बापाची मान्य केली नाही. संध्याकाळपर्यंत वाटाघाटी चालल्या आणि मग वकीलीणबाईने आपली गादी ओढत बोळात आणली, लोंबत्या दिव्याखाली अंथरली आणि सांगितलं की जुनी रेघ सापडेपर्यंत मी इथेच राहणार. बाथरूमला जायचं तर आता तिच्यावरून पाय टाकून जावं लागे, हातात चमचा घेऊन.

मला हे सगळं विनोदी वाटत होतं. मंगळवारी बायको जिन्यात भेटेपर्यंत.

ती दवाखान्यातून येत होती. मी विचारलं, "मिटलं का गं?" ती नेहमीसारखी हसली आणि मग हसू तिथेच सोडून म्हणाली, "काकू, मी आयुष्यात पहिल्यांदा एका घरात चार वर्षं सलग राहिले. ते फक्त त्या लाकडावर लिहिलेलं होतं. त्याने कुठे टाकलं तेही त्याला नीट सांगता येत नाही." तो सांगत नव्हता, कारण त्याला वाटत होतं मी ते जाळलं असेल.

मी घरात आले आणि सगळ्या कुंड्या खाली उतरवल्या. ठोकळे ओल्या फडक्याने पुसले. चुना गेला आणि पेन्सिल वर आली. वर्षं, बारीक अक्षरं, फुग्याची सगळ्यात खालची रेघ. आणि चौथ्या ठोकळ्यावर लाल रेघ.

एक नव्हे, दोन.

वरची रेघ चांगली ठळक होती. तिच्या खाली दोन बोटांवर दुसरी, खरवडून काढलेली, पण लाल पेन्सिल लाकडात मुरते, ती पूर्ण जात नाही. मी चष्मा लावला. दोन्ही रेघांच्या मध्ये, वरच्या रेघेला जवळजवळ चिकटून, वकीलीणबाईची आदल्या वर्षीची रेघ होती, वर्ष घातलेली. म्हणजे आदल्या वर्षीच पोरगी रेघेच्या वर गेली होती. रेघच तिच्यापुढे दोन बोटं वर सरकली होती.

तुम्हाला सांगते, पोटात गोष्ट ठेवणं हा मला होणारा एकमेव आजार आहे. मी ह्यांना सांगितलं. आमचे हे कुठलीही बातमी पेपर खाली न करता ऐकतात. या वेळी त्यांनी पेपर खाली केला.

"लाकूड परत दे," ते म्हणाले. "गोष्ट ठेवून घे."

"गोष्ट ठेवून काय करू? लोणचं घालू?"

"ते तू बघ. पण ती त्याची आहे. त्यालाच दे."

बुधवारी सकाळी तो आमच्याच मजल्यावर लिफ्टचं काम करत होता. दार उघडं, आत अर्धा वाकलेला. मी पिशवीतून चौथा ठोकळा काढला आणि त्याच्या नाकासमोर धरला.

त्याने पाहिलं. हातातला पाना हळूच खाली ठेवला.

"मुद्दाम चौकट काढलीस का रे?"

"नाही हो काकू. शपथ. पैजेच्या नादात विसरलोच." त्याच्यावर माझा नव्वद टक्के विश्वास बसला.

"आणि हे?"

तो फरशीच्या फटीकडे बघत बोलला. "मोजणीच्या आदल्या दिवशी मी तिला गुपचूप पुस्तक लावून पाहिलं. दोन बोटं वर जात होती. शिडी नव्हती, कठडा नव्हता. तिला काय सांगायचं?"

"शिडी नाही, असं सांगायचं. दोन शब्द."

"ते दर वेळी सांगतोच. चमच्याचं तेच, दिव्याचं तेच. म्हटलं एकदा तरी माझ्यामुळे नाही, उंचीमुळे राहिलं असं होऊ दे." मग जरा थांबून, "ती दूध प्यायला लागली हो."

"माझ्या कुंडीला विचार."

त्याने ठोकळ्याकडे हात पुढे केला. मी तो पिशवीत टाकला. "चार ठोकळे आज संध्याकाळी तुझ्या घरी पोचतील. हा माझ्याकडे राहील. सुट्टीच्या पहिल्या सकाळी घेऊन येईन. तोवर शिडी आणि कठडा झाले पाहिजेत, आणि मी बोट फिरवून बघणार."

"आणि झाले तर हा मला देणार?"

"देईन. पुढे तू तो खरवड, जाळ, काय वाटेल ते कर. माझं तोंड बंद."

"तुमचं?"

"प्रयत्न करीन म्हटलं."

संध्याकाळी मी चार ठोकळे घेऊन गेले. बायकोने ते अशा हाताने घेतले की मला माझ्या कुंड्यांची लाज वाटली. वकीलीणबाईने मात्र ते बोळात ओळीने मांडले आणि माझ्याकडे वळली.

"पाचवा कुठंय?"

"सापडेल गं. कुंड्यांच्या गर्दीत आहे."

"तुमच्याकडे किती कुंड्या आहेत?"

"सात."

"सात कुंड्यांत गर्दी होते?"

मी म्हटलं, मला दूध आणायचंय, आणि तिथून सटकले.

पुढचे अडीच आठवडे समोरच्या घरातून ड्रिलचा आवाज येत होता. कामावरून आला की चहा आणि लगेच ड्रिल. बायको मला म्हणाली, "काकू, याला काय झालंय? बरं नाही का?" मी तोंडात बडीशेप टाकली, म्हणजे बोलता आलं नाही. त्या दिवसांत मी इतकी बडीशेप खाल्ली की डबा रिकामा झाला.

सुट्टीची पहिली सकाळ उजाडली. मी पिशवी घेऊन गेले, सोबत आमचे हे, कारण करवत त्यांची. आधी पलंग पाहिला. शिडी पक्की, पायऱ्यांवर रबर. कठडा गुळगुळीत. स्क्रूची भोकंसुद्धा भरून घासलेली. मी बोट फिरवलं, मग अंगठा फिरवला. कुठेही काही लागलं नाही. मी पिशवी त्याच्या हातात दिली आणि डोळ्यांनी खुणावलं, आतल्या खोलीत जा, ब्लेड फिरव, दोन मिनिटांचं काम आहे.

तो गेला नाही. त्याने ठोकळा तसाच इतर चार ठोकळ्यांबरोबर ठेवला, दोन्ही लाल रेघा वर करून, आणि पाचही ठोकळे एका पट्टीवर जोडायला घेतले. जिथे जिथे करवत फिरली होती तिथे तेवढ्याच जाडीचा पुठ्ठा घातला, म्हणजे करवतीने खाल्लेलं अंतर भरून निघेल. घरात त्याला असं काम करताना मी प्रथमच पाहत होते.

अडचण निराळीच निघाली. सगळ्यात खालचा कुजका तुकडा आमच्या ह्यांनी टाकून दिला होता. मग पट्टी जमिनीपासून किती वर ठोकायची?

"मोठ्यांवरून," बायको म्हणाली. "आपण काही वाढत नाही. तू चौकटीला उभा राहा. तुझी मागच्या वर्षीची रेघ तुझ्या डोक्याशी आली की पट्टी बरोबर."

म्हणजे पाहा, सगळा निकाल त्याच्या उभं राहण्यावर आला. तो ताठ उभा राहिला तर पट्टी वर जाणार आणि लाल रेघही वर. तो वाकला तर रेघ खाली येणार. तो चौकटीला टेकला आणि मी पाहिलं, गुडघ्यात किंचित वाकला. हे सगळं पोरीसाठी. एक पाप धुवायला दुसरं.

"बाबा," वकीलीणबाई म्हणाली, "सरळ उभा राहा."

"सरळच आहे."

"गुडघे."

त्याने गुडघे सरळ केले. आमच्या ह्यांनी पट्टी धरली, बायकोने पुस्तक ठेवलं, रेघ जुळली, चार स्क्रू बसले. मग वकीलीणबाईने चपला काढल्या आणि उभी राहिली, इतकी ताठ की तिचा श्वास चालू आहे की नाही कळेना. फुगासुद्धा घरंगळायचा थांबला. बायकोने पुस्तक ठेवलं, वाकून पाहिलं आणि पुन्हा पाहिलं.

"तीन बोटं वर," ती म्हणाली.

पोरगी लगेच पलंगाकडे पळेल असं मला वाटलं होतं. ती वळून लाकडाकडे बघत राहिली. मग तिने खालच्या पुसट रेघेवर बोट ठेवलं.

"ही कसली?"

मी बडीशेपेसाठी पदर चाचपला. डबा रिकामा होता. पण बोलायची पाळी माझ्यावर आलीच नाही.

"ती खरी," बाप म्हणाला. "वरची मी मागच्या वर्षी काढली. पलंग तयार नव्हता. आणि..." तो अडकला.

बायकोने पुस्तक खाली ठेवलं. दवाखान्यातल्या आवाजात म्हणाली, "सगळं एकदम काढून टाक. थोडं थोडं काढलं की जास्त दुखतं."

"आणि तू मागच्या वर्षीच जिंकली होतीस. मी तुला हरवलं."

वकीलीणबाईने हे सगळं ऐकून घेतलं. हिशेब जुळवत असावी, दूध वगैरे धरून. मग तिने हात पुढे केला.

"लाल पेन्सिल."

बापाने वरच्या खिशातून काढून दिली. ती खुर्ची ओढत चौकटीपाशी घेऊन आली. वर चढली. बापाला म्हणाली, "उभा राहा." तो उभा राहिला. तिने त्याच्या डोक्यावर आपली दोन बोटं आडवी ठेवली आणि बोटांच्या वर, नव्या पांढऱ्या रंगावर, एक लाल रेघ ओढली.

"बाबाचं डोकं इथपर्यंत गेलं," ती म्हणाली, "की बाबाला लाल पेन्सिल परत."

मग खुर्चीवरून उतरली, पेन्सिल कानामागे अडकवली, शिडीच्या चार पायऱ्या चढून वरच्या पलंगावर गेली आणि वाळत टाकलेला टॉवेल खाली फेकला. तो फुग्याच्या डोक्यावर पडला. त्या रात्री बोळात गादी नव्हती.

इमारतीला चहा मी पाजला. चौतीस कप झाले आणि इस्त्रीवाला दोनदा आला. माझ्या कुंड्या पुन्हा जमिनीवर आहेत, डाग पडतात.

हे सगळं गेल्या वर्षीचं. यंदाही सुट्टीच्या पहिल्या सकाळी मी बोलावणं नसताना गेले होते. बाथरूमच्या दाराला मूठ लागलेली आहे. चमचा अजून शेजारीच टांगलेला आहे, कारण बायको म्हणते आता ती परंपरा आहे. दिव्याची टोपी सोफ्याखालीच. नव्वद टक्के अनवाणी चौकटीला उभा राहिला, ताठ, मान ताणून, आणि वकीलीणबाईने खुर्चीवर चढून डोक्यावर पुस्तक ठेवलं.

"दोन बोटं कमी," ती म्हणाली. "दूध पीत जा."